रेल्वेवेड्यांसाठी व्हिडिओ काढताय? या चुका टाळा

रेल्वेचे व्हिडिओ बघणारा माणूस डबे मोजतो. चेष्टा नाही, खरोखर मोजतो. इंजिनाचा नंबर टिपून घेतो, डबे जुन्या आयसीएफ बनावटीचे की नव्या एलएचबी बनावटीचे ते बघतो आणि शेवटच्या डब्यामागची पिवळी फुली नजरेआड होईपर्यंत हलत नाही. फुली दिसायच्या आत तुम्ही कट मारलात की त्याचं तोंड कडू झालंच. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

सातारा-सांगलीकडे हा धंदा बहुतेक घरगुतीच असतो. आप्पा कॅमेरा धरतात, मुलगा कॉम्प्युटरवर बसतो, सूनबाई हिशेब आणि ऑर्डरी बघते, पुतण्या गाडी चालवतो. लग्नसराई संपली की कॅमेरे कपाटात पडून असतात आणि दाराजवळून पुणे-मिरज लाइन जाते, म्हणून सुरुवात होते. अशा घरांचं फुटेज माझ्याकडे एडिटिंगला येतं. त्यात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे लिहितोय.

गाडी म्हणजे नवरी नव्हे

लग्नाच्या शूटिंगची सवय हाताला लागलेली असते. गाडी आली की झूम, मग इंजिनाबरोबर कॅमेरा फिरवणं, मध्येच स्लो मोशन, वर गाणं. चौथ्या डब्यापर्यंत कॅमेरा हलतोय आणि इंजिन कधीच पुढे गेलंय, असं फुटेज कितीही सजवलं तरी जमत नाही. ट्रायपॉड लावा, फ्रेम बांधा आणि हात मागे घ्या. गाडी यायच्या आधी रिकामे रूळ दहा-पंधरा सेकंद दिसू द्यात. गेल्यावरही तेवढाच वेळ रेकॉर्डिंग चालू ठेवा. रुळांची थरथर आणि लांब जाणारा आवाज त्यातच मिळतो आणि एडिटिंगवाल्याला कापायला जागा राहते.

सिनेमातलं गाणं टाकलंत तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे इंजिनाचा आवाज दाबला जातो, आणि तोच ऐकायला लोक आलेले असतात.

आवाज फाटतो, दबतो, मागे पडतो

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिली तक्रार: हॉर्न वाजला की आवाज फाटतो आणि नंतर काही सेकंद गाडी मुकी होते. कारण कॅमेऱ्यातलं ऑटो लेव्हल. हॉर्न ऐकून ते आवाज एकदम खाली ओढतं आणि मग हळूहळू वर आणतं. तोवर इंजिन समोरून गेलेलं असतं. ऑटो बंद करा. लेव्हल हॉर्नसाठी लावा, चाकांच्या खडखडाटासाठी नको. गाडीचा नेहमीचा आवाज मीटरवर अगदी खाली दिसला तरी घाबरू नका, तो नंतर वर घेता येतो. फाटलेला हॉर्न मात्र कुणाच्या बापाला शिवता येत नाही. रेकॉर्डरमध्ये कमी लेव्हलचा दुसरा ट्रॅक ठेवायची सोय असेल तर ती कायम चालू ठेवा.

हॉर्न कुठे वाजणार हे आधी कळतं. फाटकाच्या अलीकडे रुळाच्या कडेला 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी असते, म्हणजे सीटी, फाटक. चालकाने तिथे हॉर्न द्यायचाच असतो. हॉर्न हवा असेल तर पाटी आणि फाटक यांच्यामध्ये जागा धरा. चढावर दम काढणारं इंजिन नुसतं ऐकायचं असेल तर पाटीपासून लांब जा. आपल्या लाइनवरचा सालपे ते आदर्की हा घाट त्यासाठीच. पूर्वी तिथे अल्को बनावटीच्या डिझेल इंजिनांचा धडधडाट असे. आता वायर आली आणि विजेच्या इंजिनाचा आवाज बारीक, ब्लोअरचा (गार करणाऱ्या पंख्याचा) आणि मोटरींचा. तो पकडायचा तर माइक चांगला हवा आणि आजूबाजूला शांतता हवी.

शांततेवरून आठवलं. रेकॉर्डिंग चालू असताना आप्पांनी तंबाखू मळून मारलेली टाळी माइकमध्ये फटाक्यासारखी येते. "आली, आली, आली!" हे तर प्रत्येक फुटेजात असतंच. घरातल्या मोठ्या माणसाला गप्प बसा म्हणायची पंचाईत असते हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे माइक लांब वायरीवर किंवा वेगळ्या रेकॉर्डरवर वीस-तीस पावलं पुढे ठेवायचा आणि आप्पांना मागे आपल्या मोटारीजवळ बसवायचं. माइकवर केसाळ टोपी हवीच. आदर्कीच्या उघड्या माळावर नुसता फोम वाऱ्याला पुरत नाही.

दुसरी तक्रार: सुरुवातीला आवाज आणि चित्र जुळतं, पंधरा मिनिटांनी आवाज मागेपुढे होतो. बहुतेक वेळा मोबाइलवरचं फुटेज याला कारण असतं. मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो. एडिटिंगला घ्यायच्या आधी ते स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्‌झवर आणि प्रोजेक्ट ४४.१ वर असेल तर तेही एकदा तपासा.

सूर्य कुठे, रूळ कुठला

आपली लाइन ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जाते. सकाळी पूर्वेच्या बाजूने गाडी उजळते, दुपारनंतर पश्चिमेच्या. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी निम्मं फुटेज काळं येतं, कारण जागा निवडताना रस्ता कुठून सोयीचा एवढंच बघितलेलं असतं.

दुपदरीकरणाने आणखी एक भानगड आणली. तुम्ही एका गाडीची वाट बघताय आणि ऐन वेळी दुसऱ्या रुळावरून मालगाडी आडवी येते. महालक्ष्मी मागून निघून गेलेली कळतही नाही. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात. म्हणजे पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी पूर्वेकडच्या रुळावर आणि पुण्याकडे जाणारी पश्चिमेकडच्या. त्यामुळे सकाळी मिरजेकडे जाणाऱ्या गाड्या पूर्वेच्या बाजूने टिपा आणि दुपारनंतर पुण्याकडे जाणाऱ्या पश्चिमेच्या बाजूने. उजेडही मिळतो आणि तुमच्या व गाडीच्या मध्ये दुसरा रूळही राहत नाही. घाटातल्या वळणांवर हा हिशेब बिघडतो, तिथे आदल्या दिवशी जाऊन ऊन बघून यावं लागतं. आणि कधीमधी गाडी उलट्या रुळावरूनही सोडतात, त्याला इलाज नाही.

हेडलाइट समोर आला की ऑटो एक्स्पोजर सगळं चित्र काळं करतं, म्हणून गाडी दिसायच्या आधी एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक करा. रात्री प्लॅटफॉर्मवर पट्टे फिरताना दिसले तर शटर तपासा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. डब्यावरच्या एलईडी पाटीवर अर्धीच अक्षरं येत असतील तरी शटर कमी करून बघा. धावत्या गाडीच्या खिडक्या तिरक्या पडल्यासारख्या दिसतात, तो सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो त्याचा परिणाम आहे. अगदी जवळून काटकोनात शूट केलं की जास्त होतो. लांब जा, तिरप्या कोनातून घ्या.

ऊस

बाहेरून आलेल्याला ही अडचण सांगून पटत नाही. जानेवारीत टाकारी-भिलवडीकडे एक झकास जागा सापडते. चाकांपासून छतापर्यंत गाडी दिसते, मागे मोकळं रान. मोबाइलमध्ये ठिकाण जपून ठेवलं जातं. ऑगस्टमध्ये तिथे गेलं की समोर ऊस उभा आणि डब्यांची फक्त वरची कड दिसते. जागेच्या नोंदीत महिना लिहा, आणि बांधापलीकडे काय पीक आहे तेही. तोड झालेल्या रानाची खबर गावातल्या माणसाकडे असते, त्याचा फोन नंबर ठेवा. लावणीत पाय घालू नका. शेतकऱ्याला आधी विचारलं तर तो बहुतेक वेळा बांधावर जागा देतो आणि वर चहाही पाजतो.

नंबर चुकला की पत गेली

चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, चुकीची माहिती नाही. डब्ल्यूएपी-७ इंजिनाला डब्ल्यूएजी-९ म्हटलंत की खाली प्रतिक्रियांची रांग लागते. अक्षरांचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, डी म्हणजे डिझेल, पी प्रवासी, जी मालगाडी. शंका आली तर इंजिनावरचा पाच आकडी नंबर बघा. ३० ने सुरू होणारा दिसला तर बहुधा डब्ल्यूएपी-७, ३१ ने सुरू होणारा डब्ल्यूएजी-९. शेडचं, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाचं, नाव इंजिनावरच लिहिलेलं असतं, अंदाजाने ठोकू नका. गाडीचं नावही नंबरासह द्या. नुसतं 'कोयना' लिहून भागत नाही, ११०२९ कोल्हापूरला जाणारी आणि ११०३० मुंबईला.

इतिहास सांगायची हौस असेल तर आणखी जपून. मिरजेच्या छोट्या गाडीला सर्रास 'मीटरगेज' म्हटलं जातं. ती नॅरोगेज होती, अडीच फुटी. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. पुढे पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर बरीच वर्षं मिरजेला तिन्ही गेज एकत्र नांदत होते, त्यामुळे हा घोळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती याच नॅरोगेजच्या जागी झालेल्या ब्रॉडगेजवरून. पहिल्या खेपेला १० टँकर होते, सुमारे ५ लाख लिटर. त्या दिवसांतलं फुटेज कुणाकडे असेल तर ते सोनं आहे, पण त्यावर तारीख नसेल तर निम्मी किंमत. फाइलच्या नावात तारीख, ठिकाण, गाडीचा नंबर हे तीन तरी घाला.

जुन्या कॅसेटी

काही घरांत नॅरोगेजच्या व्हीएचएस किंवा मिनी डीव्ही कॅसेटी निघतात. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेयरमध्ये घालू नका, हेडही जाईल आणि टेपही. आधी साफ करून घ्या. मिनी डीव्ही असेल तर फायरवायर या डिजिटल वायरीनेच उतरवा, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने नको.

उतरवल्यावर हलत्या गाडीच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. जुनं पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीचं) चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं असतं, ते सरळ २५ फ्रेममध्ये टाकलं की असं होतं. डीइंटरलेस करा, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून घ्या, आणि ५० फ्रेममध्ये करा म्हणजे चाकांची गती गुळगुळीत राहते. चार-तीनचं चित्र ओढून सोळा-नऊ करू नका. छोटं इंजिन म्हशीसारखं बसकं दिसतं. बाजूला काळे पट्टे राहिले तर राहू देत.

कायदा आणि वायर

रुळावर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. स्टेशनात धंद्यासाठी शूटिंग करायचं तर आधी रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करा. "आमची ओळख आहे" यावर तीन माणसं आणि दोन ट्रायपॉड घेऊन प्लॅटफॉर्मवर जाऊ नका. ओळखीचा माणूस त्या दिवशी हमखास रजेवर असतो. चालकाच्या केबिनमधून शूटिंगचा विचारही नको, बिचाऱ्याची नोकरी जाईल.

वरच्या वायरीत २५,००० व्होल्ट असतात. पुलावरून किंवा फाटकाजवळ लांब काठीवर कॅमेरा उंच धरणं म्हणजे मरणाला बोलावणं, पावसाळ्यात तर अजिबात नको. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर नोंदणी लागते आणि धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र. माझ्या मते रेल्वेच्या व्हिडिओत ड्रोनची गरजच फार कमी. वरून आवाज मिळत नाही, नंबर दिसत नाही, नुसती अळी सरकते.

घरचे व्यवहार

घरगुती कंपनी मोडते ती कॅमेऱ्यामुळे नाही. चॅनेल धाकट्याच्या खासगी ईमेलवर उघडलेलं असतं, पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि तो नोकरीला पुण्याला गेला की सगळं अडतं. कंपनीच्या नावाचा वेगळा ईमेल काढा, दोघांकडे प्रवेश ठेवा. चुलतभावाचं फुटेज वापरलंत तर पैसे किती आणि नाव कुठे, हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून ठेवा. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं, तोवर घरखर्च त्यावर टाकू नका. मूळ फुटेजच्या दोन प्रती वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

आणि पेनड्राइव्हवर विकत असाल तर ग्राहक बहुतेक निवृत्त काका मंडळी असतात. नव्या कॉम्प्युटरवर छान चालणारी एच.२६५ फाइल त्यांच्या टीव्हीवर उघडत नाही, किंवा नुसता आवाज येतो. एच.२६४ मध्ये द्या. फॅट-३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून तुकडे करा. पण तुकडा गाडी जाऊन फ्रेम रिकामी झाल्यावर पाडा, डब्यांच्या मध्ये नको. नाहीतर काकांचा फोन येतो: "अहो, बारावा डबा कुठं गेला?" एक प्रत घरातल्या सगळ्यात जुन्या टीव्हीवर लावून बघितल्याशिवाय पाकीट चिकटवू नका.