पियानोला नवी तार चढवताना: पिनवरचे वेढे आणि सुराचा टिकाव

नव्या तारेचा सूर आठवडाभरात उतरला की खापर तारेच्या ताणण्यावर फुटतं. नवी तार ताणते हे खरं. पण ट्यूनिंग पिनवर (जिच्याभोवती तार गुंडाळतात आणि जी फिरवून सूर लावतात ती खुंटी) सैल राहिलेले वेढे आणि न बसलेली वळणंही सूर खाली ओढतात, आणि तेवढं तरी पूर्णपणे आपल्या हातात असतं.

पिनवर तीन वेढे हवेत. २/० मापाची पिन सुमारे ७.१५ मिमी जाड असते, म्हणजे एका वेढ्याला साडेबावीस मिमी तार जाते. तीन वेढे आणि छिद्रात शिरणारं टोक धरून पिनच्या पुढे ७५ मिमी तार सोडून कापा. एकच तुटलेली तार बदलत असाल तर आधी जुनी पिन तीन फेरे उलटी फिरवून घ्या. हे विसरलात तर वेढे चढवताना पिन खोल जाते आणि खालचा वेढा प्लेटला (तारांचा ताण पेलणाऱ्या लोखंडी चौकटीला) टेकतो. तिथे ५ मिमीच्या आसपास फट राहायला हवी.

टोक छिद्रात पूर्ण घाला, पण पलीकडे बाहेर डोकावू देऊ नका. तार छिद्रातून बाहेर पडते तिथलं वळण काटकोनी हवं. गोलसर राहिलं तर ताण वाढेल तशी तार तिथे सरकत राहते. वेढे छिद्रापासून खाली उतरत जातात, एकावर एक चढता कामा नयेत. तारेला थोडा ताण आला की सर्वांत खालच्या वेढ्याखाली कॉइल लिफ्टर किंवा सपाट स्क्रू ड्रायव्हर घालून वर उचला आणि त्याच वेळी लिव्हर (पिन फिरवायची किल्ली) हळूच फिरवा. तिन्ही वेढे फट न राहता चिकटले की छिद्राजवळचं वळण बारीक पक्कडीने दाबून पक्कं करा. हे सगळं पूर्ण सुरावर नेण्याआधी करा. पूर्ण ताणावर जोर लावला तर तार नेमकी तिथेच तुटते. चष्मा लावलेला असू द्या.

मग बाकीची वळणं. हिच पिनवर (पलीकडच्या बाजूला तार जिला अडकते ती खुंटी) तार तळाशी दाबून बसवा. ब्रिजच्या (तारा जिच्यावरून जातात त्या लाकडी पट्टीच्या) पिनांपाशी पितळी दांडीने हलकं दाबा. ठोकलंत तर लाकडात खाच पडते. तांबं गुंडाळलेल्या खर्जाच्या तारेला हिच पिनमध्ये अडकवण्याआधी गुंडाळीच्या दिशेने एक पीळ द्या, नाहीतर ती खरखरते.

सूर एकदा लावून भागत नाही. थोडा चढा लावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग आठवड्याने. लिव्हर सोडण्याआधी पिनला बसलेला पीळ जिरायला हवा: सुराच्या किंचित वर नेऊन खाली आणा, मग ती पट्टी जोरात वाजवून पाहा.

नागपुरात मोठं काम ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत उरकलेलं बरं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि त्याच खोलीत दुपारभर कूलर चालला की ओलावा एकदम वाढतो. साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगतो, मधल्या पट्ट्यांचा सूर चढतो; कूलर बंद झाला की तोच उतरतो. अशा खोलीत लावलेला सूर टिकला नाही तर तारेला दोष देऊ नका. आधी पियानो कूलरच्या झोतातून हलवा, जवळ आर्द्रतामापक ठेवा, आणि काटा दोनतीन दिवस ४५ ते ६० टक्क्यांत राहिला की मगच लिव्हर हातात घ्या. घामट बोटं नव्या तारेला लावू नका, गंज तिथूनच सुरू होतो. कोरडं फडकं कायम जवळ असू द्या.