शाळेत समुपदेशक म्हणून लागताय? मुलाखतीत हे विचाराच

एम.ए. सायकॉलॉजी करून नवी मुंबईतल्या शाळांत अर्ज करणारी मुलं-मुली मला पगार आणि सुट्ट्यांबद्दल विचारतात. ते विचाराच. पण मुलाखतीत आणखी एक विचारा: माझ्या केसेसबद्दल मी कुणाशी बोलायचं?

उत्तर बहुधा येतं, "प्रिन्सिपल मॅडमशी." रजा-हजेरीसाठी ठीक आहे. पण नववीतला मुलगा हातावर ब्लेड ओढतो म्हटलं की मॅडमच्या डोळ्यांसमोर आधी पालक आणि ट्रस्टी येतात. तुम्हाला हवा असतो शाळेबाहेरचा मुरलेला माणूस. "तू त्याला नेमकं काय म्हणालीस? तिथे विषय का बदललास?" असं खोदून विचारणारा. यालाच सुपरव्हिजन म्हणतात. मी त्यासाठी कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ठाण्याला एका ज्येष्ठ मॅडमकडे जायचे, तेही पदरमोड करून. तिघी-चौघींनी गट केला तर परवडतं. तिथे मुलाचं नाव, शाळा काही सांगायचं नाही. वय आणि हकिगत पुरे.

एक गोष्ट मात्र सुपरव्हिजनच्या तारखेपर्यंत थांबत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी नुसती भीती वाटली, तरी मुलांच्या संरक्षणासाठीच्या पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी तुमची स्वतःचीही असते. मॅडमना सांगितलं म्हणजे आपण सुटलो, असं नाही. म्हणून "कुणाला सांगणार नाही" असं सरसकट वचन मुलांना देऊच नका.

आणि मावशींना विसरू नका! टॉयलेटमध्ये रडणारी मुलगी आधी त्यांना दिसते, बसमध्ये गप्प झालेला मुलगा बसताईंना. पोक्सोच्या 2020 च्या नियमांत शिक्षकेतर आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचंही प्रशिक्षण येतं. पण हॉलमध्ये इंग्रजी पीपीटी दाखवून त्यांच्या हाती काय लागणार? बस सुटल्या की चहाला त्यांच्यासोबत बसा. मूल काही बोललं तर खोदून विचारायचं नाही, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं आणि लगेच तुमच्याकडे यायचं, एवढंच त्यांना सांगा. मग त्यांचंही ऐका. असं काही कानावर पडलं की त्यांचीही झोप उडते, आणि त्यांना विचारणारं कुणी नसतं.

नेमणूकपत्रावर सही करण्याआधी महिन्यातून अर्धा दिवस सुपरव्हिजनसाठी ऑन-ड्यूटी म्हणून लिहून घ्या. तोंडी "बघू" वर राहिलात, तर त्या अर्ध्या दिवशी तुम्ही सातवी ब च्या प्रॉक्सी तासाला असाल.