चांदीची स्मारक नाणी: या चुका टाळा

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९७२ साली दहा रुपयांचं चांदीचं नाणं निघालं. मुंबईतल्या बऱ्याच घरांत ते देव्हाऱ्यात असतं आणि तिथेच त्याची वाट लागते. लक्ष्मीपूजनाला पंचामृत, हळदकुंकू. मग काळवंडलं म्हणून रांगोळीने नाहीतर टूथपेस्टने खसाखसा घासणं. तबकाला हे चालतं, नाण्याला नाही. उजेडात तिरकं धरा, बारीक ओरखड्यांचं जाळं दिसेल. संग्राहक ते बघतो आणि भाव पाडतो. काळेपणा हवेतल्या गंधकामुळे येतो, तो तसाच राहू द्या. एकसारखी बसलेली निळसर-करडी झाक तर जाणकारांना आवडते.

हिरवट चिकट थर आला असेल तर गोष्ट वेगळी. तो बहुतेकदा पीव्हीसीच्या मऊ पाकिटाचा प्रताप. नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा, चोळू नका. खिडक्या उघड्या, गॅस बंद. नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात रंग-सुगंध मिसळलेले असतात. पुढे मायलारचं, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरचं पाकीट आणि ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती पुडी बदलत राहावी लागते. रबर बँड तर अजिबात नको, त्यातही गंधक असतं.

आता वजन. १९७२ चं नाणं २२.५ ग्रॅमचं, पण चांदी निम्मीच, म्हणजे ११.२५ ग्रॅम. गांधी जन्मशताब्दीचं १९६९ चं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचंच, पण चांदी ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. हाताला हलकं तेच चांदीत सरस! १९९७ च्या सुवर्णमहोत्सवी पन्नास रुपयांच्या नाण्यातही चांदी निम्मीच. झवेरी बाजारात जाण्याआधी एवढा हिशेब घरीच करा. कोणी 'वितळवून टाकू' म्हणालं तर नाणं उचला आणि निघा. २०११ च्या नाणे कायद्याने ते वितळवायला बंदी आहे.

सालाखालच्या हिऱ्याच्या आकाराच्या खुणेला 'दुर्मीळ' म्हणून जादा पैसे मागणारेही भेटतात. ती फोर्टातल्या आपल्या टांकसाळीची नेहमीची खूण. आणि दिवाळीत सराफाकडे मिळणारं लक्ष्मी-गणपतीचं 'नाणं' म्हणजे पदक; त्यावर रुपयांतली किंमत नसते.

विकत घेताना लोहचुंबक लावा. चिकटलं तर खोटं, पण चिकटलं नाही म्हणून खरं ठरत नाही. डिजिटल काट्यावर वजन बघूनच पैसे काढा.