नामिबियावर उडण्याआधी: मिक्स्चर, आणि मग बाकीचं

मागच्या खेपेला फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नामिबियाच्या राजधानीतल्या, विंडहुकच्या एरॉस विमानतळावरून सेसना १७२ हे छोटं विमान उडवलं तेव्हा मिक्स्चरचा, म्हणजे हवेत इंधन किती मिसळायचं ते ठरवणारा, लाल दांडा पूर्ण पुढे, भरपूर इंधनावर राहिला होता. धावपट्टी संपली, चाकं कशीबशी उचलली गेली, पण विमान चढेचना. समोरच्या टेकडीवर सफर आटोपली. ही यादी त्यानंतरची आहे, म्हणून मिक्स्चर तिच्यात पुन्हा पुन्हा येईल. वाचताना कंटाळा आला तरी उडताना उपयोग होईल.

जॉयस्टिक, अपडेट वगैरे सांगत बसत नाही. इंटरनेट तेवढं नीट हवं, कारण वाळूचा रंग आणि टेकड्यांच्या धारा उपग्रहचित्रांतून येतात. जोडणी तुटली तर खाली नुसतं पिवळट मैदान उरतं आणि मग इतक्या लांब जाण्यात अर्थ नाही.

वेळ हाताने लावा. नामिबिया आपल्या साडेतीन तास मागे आहे. जेवणं उरकून रात्री साडेदहाला बसलात तर तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आणि जूनमध्ये त्या वेळी तिथे काळोख असतो. हो, जूनमध्ये तिथे हिवाळा असतो, हेही ध्यानात ठेवा. सूर्योदयानंतरचा पहिला तास घ्या. वाळूच्या टेकडीची एक बाजू तांबडी पेटते आणि दुसरी काळीभोर राहते, ते तेव्हाच दिसतं. भर दुपारी सगळं सपाट दिसतं, शिवाय उंचीचा अंदाजही चुकतो.

आता मिक्स्चर. आधी सेटिंग्जमध्ये ऑटो-मिक्स्चर चालू आहे की बंद, ते डोळ्यांनी बघा. ‘चालूच असेल’ असं धरून चालू नका. बंद असेल तर दांड्याला स्वतंत्र लीव्हर द्या, कीबोर्डवर ऐन वेळी बोटं सापडत नाहीत.

कारण असं की एरॉस समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० फुटांवर आहे. एवढ्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण ४ अंश धरलं जातं. तिथे ३५ अंशांचं ऊन असेल तर इंजिनाच्या आणि पंखांच्या दृष्टीने तुम्ही ९,००० फुटांच्या वर आहात. हवा विरळ, पेट्रोल मात्र समुद्रकाठाच्या हिशोबाने येतंय, म्हणजे इंजिन गुदमरणार. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद तशीही गमावतं. उरलेली आपल्या हाताने घालवू नका. धावपट्टीच्या टोकाला ब्रेक दाबून धरा, थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे, आणि मिक्स्चर सावकाश मागे घ्या. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, चढत जातील, एका जागी थबकतील, मग उतरू लागतील. थबकले होते तिथे परत या आणि किंचित पुढे ढकला. मगच ब्रेक सोडा. सिमच्या चेकलिस्टमध्ये नुसतं ‘मिक्स्चर रिच’ (दांडा पूर्ण पुढे) लिहिलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका, ते सखल विमानतळांसाठी आहे. ३,००० फुटांच्या वर प्रत्येक उड्डाणाआधी हेच करायचं. प्रत्येक.

जमीन भराभर मागे पळताना दिसेल म्हणून नाक लवकर उचलू नका. वेगाचा काटा सांगेल तेव्हाच. टाक्या काठोकाठ भरू नका. एरॉस ते वाळूच्या टेकड्यांचं सोसुसफ्ले सरळ रेषेत सुमारे १६० नॉटिकल मैल, तिथून किनाऱ्याने वॉल्विस बे आणखी दीडशेच्या आसपास. हातात तासाभराचं जास्तीचं इंधन धरून ४० गॅलन पुरतात. ५३ गॅलन भरून ३५ किलो वजन फुकट वाहायचं कशाला?

विंडहुकच्या दक्षिणेला आउआस डोंगर आहेत, माथा २,४७९ मीटर. आधी उंची कमवा, मग वळा. पुढे उजव्या हाताला गाम्सबर्गचा सपाट माथा दिसतो आणि त्यानंतर पठार तुटून जमीन वाळवंटात उतरते. इथे दुसरं मिक्स्चर: खाली येताना दांडा थोडा थोडा पुढे आणत राहा. वर हवा विरळ म्हणून मागे घेतलेला दांडा तसाच ठेवून दाट हवेत आलात तर इंजिन खोकतं आणि बंदही पडतं. चढताना मागे, उतरताना पुढे. कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

सोसुसफ्लेला घाई नको. बिग डॅडी ही टेकडी सुमारे ३२५ मीटर उंच आहे. तिच्या पायथ्याशी डेडफ्लेचं पांढरं मातीचं तळं आणि त्यात वाळून उभी राहिलेली काळी झाडं. खरं तर इथेच पाऊण तास घालवावा. पश्चिमेकडे वाळूचा तांबडेपणा उतरत जातो, कारण लोहाचा गंज किनाऱ्याजवळच्या वाळूवर तितका चढलेला नाही. हा फरक वरूनच कळतो. किनाऱ्यावर २४ अंश दक्षिण, १४ अंश २७ मिनिटं पूर्व हा बिंदू प्लॅनमध्ये टाका. १९०९ मध्ये धुक्यात रुतलेलं एडुआर्ड बोलेन हे जहाज तिथे आहे, आता समुद्रापासून काहीशे मीटर आत, वाळूत.

धुकं आजही तसंच येतं. बेंगेला प्रवाहाचं पाणी थंड, त्यावर दमट हवा, त्यामुळे सकाळी वॉल्विस बे आणि स्वाकोपमुंड दोन्ही एकदम झाकली जाऊ शकतात. एकाला दुसऱ्याचा पर्याय धरू नका, पर्याय आतल्या भागातला ठेवा. लाइव्ह हवामान लावणार असाल तर वॉल्विस बेचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) निघण्याआधी वाचा.

वॉल्विस बेहून निघताना विमानतळ जेमतेम ३०० फुटांवर आहे, तेव्हा इथे दांडा पूर्ण पुढे. विंडहुकला परत चढायचं तर तो पुन्हा मागे, आणि तिथे उतरतानाही उगाच पूर्ण पुढे ढकलू नका, गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढणं, करावं लागलं तर तीच टेकडी आहे.

उत्तरेला ब्रांडबर्ग, २,५७३ मीटर, लांबून वळसा. एटोशाचं पांढरं मैदान सोपं आहे. बोट्स्वानात मक्गाडिक्गाडीवर क्षितिज दिसेनासं होतं, कॉकपिटमधल्या कृत्रिम क्षितिजाच्या काट्यावर नजर ठेवा. तिथलाच माऊन विमानतळ ३,१०० फूट, ऑक्टोबरात कडक ऊन, मिक्स्चर. इंधन तिथेच भरा.