फॉरमॅट ठरतो गिऱ्हाइकाच्या टीव्हीवरून

पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात व्हिडिओ एडिटिंगचं दुकान थाटायचं म्हणजे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं अन् शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, उन्हाळ्यात लग्नं. या धंद्यात नवीन आलेली पोरं पहिलं हेच विचारतात, "भाऊ, सगळ्यात भारी फॉरमॅट कोणता?" मी उलट विचारतो, व्हिडिओ पाहणार कशावर? पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागे खुपसणारं गिऱ्हाईक वेगळं, यूट्यूबवर टाकणारी नाट्यमंडळी वेगळी.

त्याआधी एक घोळ मिटवून टाका. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही पोत्यांची नावं. आत कोणता तांदूळ भरला, म्हणजे व्हिडिओ कोणत्या पद्धतीनं दाबून भरला, ते कोडेक सांगतं : एच.२६४, एच.२६५, प्रोरेस. एकाच एमपी४ पोत्यात एच.२६४ही बसतं आणि एच.२६५ही. म्हणून "एमपी४ दिलं तरी टीव्हीवर दिसून नाही राहिलं" असा फोन आला की आधी कोडेक तपासा. एच.२६४ हे २००३ सालचं, जवळपास सगळीकडे चालतं. एच.२६५ आलं २०१३ साली; तेवढ्याच दर्जाला ते साधारण निम्मी जागा घेतं, पण जुन्या टीव्हीवर बरेचदा नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. आमच्याकडे टीव्ही बिघडल्याशिवाय कोणी बदलत नाही. त्यामुळे खेड्यात द्यायची फाइल एमपी४, एच.२६४, आवाज एएसी, १९२० बाय १०८०. यात हौस करू नये. फोर-केचा हट्ट धरणाऱ्या नवरदेवाला आधी टीव्ही कोणता ते विचारा.

आता बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला किती डेटा खर्च होतो. याचं गणित तोंडपाठ असलेलं बरं, कारण गिऱ्हाईक समोर बसून "किती जीबी होईल?" विचारतं. सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर तासाला २८,८०० मेगाबिट. आठनं भागा, ३,६०० मेगाबाइट, म्हणजे ३.६ जीबी. २० मेगाबिट ठेवले तर तोच तास ९ जीबी. फाइलचा आकार बिटरेट आणि वेळ यांवर ठरतो, रिझोल्यूशनवर नाही. नव्या पोरांना हे लवकर पटत नाही. यूट्यूबसाठी १०८०पीला (म्हणजे १९२० बाय १०८०) सेकंदाला २५-३० फ्रेमवर ८ मेगाबिट ही यूट्यूबचीच शिफारस आहे. मी थोडं जास्तच देतो, कारण तिथं ती फाइल पुन्हा दाबली जातेच. नाटकाचे रंगीत लाइट आणि धूर यांत कमी बिटरेटचे चौकोन लगेच दिसतात.

रात्रभराचं नाटक पाच तासांचं धरलं तर ८ मेगाबिटनंही १८ जीबी होतं. इथं पेन ड्राइव्हची अडचण येते. लहान पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट३२ या फाइल मांडायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेले असतात आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीत केलं की कॉपी होते, पण जुना टीव्ही तो पेन ड्राइव्ह ओळखतच नाही. म्हणून मी अंकाअंकानं वेगळ्या फाइली करतो, प्रत्येक ४ जीबीच्या आत. अंक तासाभराहून लांबला तर त्याचेही दोन भाग.

तुकडे करण्याचं दुसरं कारण म्हणजे लाइन. एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. तीन तास एक्सपोर्ट, म्हणजे तयार फाइल बाहेर काढणं, चालला आणि लाइन गेली, तर फाइल डिस्कवर दिसते, जीबीही भरलेले असतात, पण उघडत नाही. यूपीएस संगणक नीट बंद करण्यापुरता टिकतो, एक्सपोर्ट संपेपर्यंत नाही. तुकडे असले तर एकच तुकडा पुन्हा काढावा लागतो. सेटिंग तंतोतंत सारखं असेल तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरनं हे तुकडे पुन्हा एनकोड न करता काही मिनिटांत जोडता येतात. यूट्यूबवाल्यांना अखंड नाटक लागतं तेव्हा हेच करायचं. हार्डवेअर एनकोडिंगची, म्हणजे संगणकातल्या खास चिपकडून फाइल झटपट बनवून घ्यायची, सोय असेल तर वापराच. तेवढ्याच बिटरेटला दर्जा किंचित कमी मिळतो, तर बिटरेट थोडा वाढवा. लाइन असेपर्यंत काम उरकणं जास्त मोलाचं.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, एडिटिंगच्या टाइमलाइनचाच ठेवा, एक्सपोर्टला बदलू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटरवर मांडवातल्या ट्यूबलाइट सहसा फडफडत नाहीत. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेलं शूटिंग घेताना मात्र सांभाळा. मोबाइलचा फ्रेम रेट कमीजास्त होत असतो, मग मंगलाष्टकं संपत आली की ओठ एकीकडे आणि आवाज एकीकडे. ते आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये एकसारख्या फ्रेम रेटचं करून घ्या.

व्हॉट्सॲपला फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली की ते तिला पिळून काढतं.

राहिली मास्टर फाइल, म्हणजे आपल्याकडे जपून ठेवायची मूळ प्रत. पैसेवाले स्टुडिओ प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये ठेवतात. १०८०पी, २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ तासाला ५० जीबीच्या वर जातं. लग्नासाठी हे परवडत नाही. मी ४०-५० मेगाबिटची एच.२६४ ठेवतो आणि किती महिने ठेवणार ते बिलावरच छापतो. कारण पुढच्या वर्षी बारशाच्या वेळी कोणीतरी येतंच, "भाऊ, आमची पेन ड्राइव्ह हरपली."