टीबीएमवर नवीन आहात? आधी मकचं वजन बघा

टीबीएमच्या, म्हणजे बोगदा खोदणाऱ्या मशीनच्या साइटवर रुजू झालात की सेटलमेंटचे, म्हणजे जमीन किती खचली याचे आलेख हातात पडतात आणि माणूस मिलिमीटर मोजत बसतो. ते बघाच, पण त्यावर विसंबू नका. खाली पोकळी झालेली असते, तरी वरचा काँक्रीटचा रस्ता ती कित्येक दिवस झाकून ठेवतो.

पहिली खूण मकमध्ये, म्हणजे खोदून बाहेर येणाऱ्या मातीत दिसते. कटरहेड, म्हणजे मशीनची पुढची खोदणारी चकती 6.6 मीटर व्यासाची आणि रिंग, म्हणजे बोगद्याच्या काँक्रीट अस्तराचं एक कडं 1.4 मीटर रुंद असेल, तर एका रिंगमागे जागेवरची माती सुमारे 48 घनमीटर. घनता घनमीटरला 1.9 टन धरली तर 91 टन. 96 टन बाहेर आले, म्हणजे अडीच घनमीटर माती फुकटची आली. एखाद्या रिंगला असं होतं, घाबरू नका. सलग तीन रिंगांना झालं, तर मशीन थांबवायला सांगा, कोणाला राग आला तरी.

मकचे डबे मोजून हिशोब लावू नका. सुटी माती दीडपट फुगते, त्यात माती मऊ करायला सोडलेल्या फोमची भर. वजन फुगत नाही. मात्र आत सोडलेलं पाणी आणि फोमचं द्रावण वजा करा. शिफ्टच्या सुरुवातीला मक वाहून नेणाऱ्या रिकाम्या पट्ट्यावर वजनकाटा शून्य दाखवतो का बघा, कारण चिकट माती पट्ट्याला लेपून बसते. आणि थर बदलला की घनताही बदला. जुन्याच आकड्यावर हिशोब जुळतोय, हीच सगळ्यात फसवी अवस्था.

खाली खडक, वर माती असेल तिथे जास्त जपा. खडकामुळे मशीनची चाल मंदावते, माती बाहेर काढणारा स्क्रू मात्र तसाच फिरत राहतो आणि वरची माती ओढून घेतो. ‘ऑपरेटरला हाताला कळतं’ म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, हे नको.

ग्राउटचा, म्हणजे रिंगबाहेरची पोकळी भरणाऱ्या मिश्रणाचा हिशोब सोपा आहे: रिंगचा बाहेरचा व्यास 6.35 मीटर असेल तर पोकळी साडेतीन घनमीटर. त्याहून कमी गेलं तर कारण शोधा.

भूजल मात्र बहुधा बोगद्यामुळे उतरत नाही. ते उतरतं स्टेशनच्या खोदाईत आणि दोन बोगदे जोडणाऱ्या क्रॉस पॅसेजमध्ये. पातळी एक मीटर उतरली की खालच्या मातीवर सुमारे 10 किलोपास्कल भार वाढतो, आणि मऊ चिकणमाती महिनोन्‌महिने खचत राहते, तीही खोदाईपासून बऱ्याच लांब. भूजलाचा दाब मोजणारे पीझोमीटर लांबवरही हवेत.

मक यार्डातलं पाणी टाकीत नितळ दिसलं म्हणून नाल्यात सोडू नका. गाळ बसतो, पण सिमेंटचा क्षार तसाच राहतो. पीएच मोजा, जास्त असेल तर कार्बन डायऑक्साइड सोडून उतरवा.