ऐतिहासिक कादंबरीवर आलेल्या पत्रांना उत्तर कसं लिहावं

पहिली ऐतिहासिक कादंबरी छापून आली की पत्रं येऊ लागतात. त्यांत कौतुक असतं, पण जाबही विचारलेला असतो. वाचकाला ती माणसं आपली वाटतात, तुमच्याइतकीच त्याचीही, आणि ते बरोबरच आहे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई आणि पानिपतानंतरचं पुणं यावर मी कादंबरी लिहिली, त्याला सतरा वर्षं झाली. साताऱ्यात माझ्या कपाटात आलेल्या पत्रांच्या चार फायली आहेत. पोस्टकार्डं, आंतरदेशीय, आणि अलीकडे ईमेलच्या छापील प्रती. प्रत्येकाला माझ्या उत्तराची प्रत टाचलेली आहे. नव्याने लिहिणारे विचारतात म्हणून मी काय करते ते सांगते.

पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहू नका. दोनदा वाचा, आणि वाचकाने सांगितलेलं पान स्वतः उघडून बघा. बघताना त्याच्या हातात कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहा. मी एकदा तिसरी आवृत्ती उघडून एका निवृत्त शिक्षकांना कळवलं की, आपण म्हणता तसं वाक्य पुस्तकात नाही. त्यांनी पहिल्या आवृत्तीतल्या पानाची झेरॉक्स पाठवली. वाक्य होतं. मीच ते दुसऱ्या आवृत्तीत बदललं होतं आणि विसरले होते. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीची एक प्रत, कुठे काय बदललं याच्या खुणा करून, मी टेबलाजवळ ठेवते.

चूक दाखवणाऱ्या पत्राचं उत्तर सर्वांत सोपं, आणि तेच लिहायला हात जड होतो. माझ्या पहिल्या आवृत्तीत वाड्यावरच्या पंगतीत टोमॅटोचं सार वाढलं होतं. कराडच्या एका बाईंनी कार्डावर चारच ओळी लिहिल्या: टोमॅटो आपल्या चुलीवर इंग्रजी अमलात आला, तुमच्या पंगतीत कसा? त्यांचं म्हणणं खरं होतं. अशा वेळी उत्तरात तीन गोष्टी लिहा: चूक झाली, पुढच्या आवृत्तीत अमुक बदल करते, आणि आभार. ‘त्याने कथेला बाधा येत नाही’ हे वाक्य लिहू नका. ज्या बाईने पंगत एवढ्या बारकाईने वाचली, तिच्यासाठी बाधा आलेली असते. दुसऱ्या आवृत्तीत तिथे आमसुलाचं सार आहे. अशा दुरुस्त्यांची एक वेगळी वही करा, पान आणि ओळ घालून. प्रकाशक नवी आवृत्ती काढतो म्हणून अचानक फोन करतो, तेव्हा ती वहीच कामाला येते.

तारखांच्या पत्रांवर मात्र वेळ घालवा. मी सगळ्यात लांब उत्तरं इथेच लिहिते, कारण इथे वाचकाला स्वतः हिशेब करायला शिकवता येतं. मला सर्वाधिक वेळा आलेली तक्रार अशी: पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, आणि तुम्ही शनिवारवाड्यात तिळगूळ चार दिवस आधीच वाटलात. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, वार बुधवार. पण त्या साली मकरसंक्रांत १४ तारखेला नव्हती. सूर्याच्या मकर राशीत जाण्याचा दिवस आपल्या इंग्रजी कॅलेंडरात साधारण सत्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. नुसतं ‘माझं बरोबर आहे’ असं लिहून कोणाचं समाधान होत नाही. विवेकानंदांचं उदाहरण दिलं की वाचक कागद-पेन घेऊन बसतो. दोघांनी मला त्यांचा हिशेब परत पाठवला, आणि त्यातल्या एकाचा माझ्यापेक्षा नेटका होता.

शिवराज्याभिषेक ६ जूनला की १६ जूनला, हेही कोणीतरी विचारतंच, तुमची कादंबरी कोणत्याही काळातली असो. उत्तर तयार ठेवा: तिथी एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ६ जून १६७४ ही इंग्रज तेव्हा वापरत त्या जुन्या कॅलेंडरची तारीख. आजच्या कॅलेंडरात ती दहा दिवस पुढे जाते. पोर्तुगीजांनी नवं कॅलेंडर १५८२ सालीच घेतलं होतं, इंग्रजांनी १७५२ साली. म्हणून त्याआधीच्या काळात गोव्याच्या कागदाची आणि सुरतेच्या इंग्रजी वखारीच्या कागदाची तारीख शेजारी ठेवताना हा फरक धरावा लागतो. आणि पेशवाईच्या कागदांवर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसलं तर वाचकाला तेही फोडून दाखवा: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (अरबी आकड्यांत लिहिली जाणारी, तेव्हाच्या कागदांवरची वर्षगणना) ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला मृगानंतरच्या महिन्यांसाठी त्यात ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत याच सनातलं.

‘हे खरंच घडलं का?’ या प्रश्नासाठी मी तीन रंग ठरवले आहेत. पानावर काळ्या खुणेचं ते कागदात सापडलेलं, निळ्याचं कागदांवरून मी काढलेलं अनुमान, हिरव्याचं निव्वळ माझं. हे लिहितानाच करून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी तुमची कल्पना तुम्हालाच इतिहास वाटू लागेल. पार्वतीबाईंनी पती गेले हे मानलं नाही, भाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ साली त्याचा निकाल लागला, १७८३ साली पार्वतीबाई वारल्या: हे काळं. या सगळ्या वर्षांत वाड्यातल्या इतर बायका त्यांच्याशी जपून बोलत असणार: हे निळं. रोज संध्याकाळी त्या नथ काढून पुसतात आणि पुन्हा घालतात: हे हिरवं. वाचकाला उत्तरात हेच रंग सांगा. हिरवं आहे हे कबूल केल्याने कादंबरीचं काही जात नाही. लपवलंत तर मात्र ती नथ उद्या कोणाच्या तरी भाषणात पुरावा म्हणून येईल. पेशवे दप्तरातल्या छापील कागदांचा आधार द्यायचा असेल तर खंड आणि पान उघडून, बघून द्या. आठवणीवर विसंबून कधीही देऊ नका.

घराण्याच्या वतीने रागावून लिहिलेली पत्रं याच पद्धतीने हाताळा. मल्हारराव होळकर पानिपतच्या रणांगणातून बाहेर पडले हे नोंदलेलं आहे. का बाहेर पडले, यावर तेव्हाही मतं वेगळी होती आणि आजही आहेत. माझ्या एका पात्राच्या तोंडी त्यांच्यावर कडक शब्द आहेत, आणि ते त्या पात्राचे आहेत, कारण त्याचा भाऊ तिथे मेला आहे. मी हे असंच लिहून कळवते, पत्र लिहिणाऱ्याच्या भावनेबद्दल एक शब्दही वाकडा न बोलता. शिवीगाळ असेल तर उत्तर देऊ नका, पण पत्र फाइलीला लावून ठेवा.

कधी पत्रासोबत मोडी कागदाचा फोटो येतो. घरात आजोबांचा रुमाल (कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा) सापडला, काय लिहिलंय? इथे तुमची जबाबदारी कादंबरीपेक्षा मोठी असते. पहिल्याच ओळीत लिहा: मूळ कागद टपालाने पाठवू नका, लॅमिनेशन करू नका, फाटल्या जागी सेलोटेप लावू नका. सावलीच्या उजेडात, समोरून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग त्यांना पुण्याच्या पुराभिलेखागाराचा किंवा सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा रस्ता दाखवा. मोडी येत असेल तर तारखेची ओळ आणि नावं तेवढी वाचून कळवा, पण ‘महत्त्वाचा कागद आहे’ असं घाईने लिहू नका. एका कुटुंबाने माझ्या अशा वाक्यावर घरात वाटण्या मांडल्या होत्या. कागद शेतसाऱ्याच्या हिशेबाचा निघाला. तो हिशेबही मोलाचाच होता, पण तोवर दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

शाळेतल्या मुलांना लगेच उत्तर द्या, हाताने लिहून.

काही पत्रं मात्र कोणत्याच रंगात बसत नाहीत. आमच्या जिल्ह्यात घरटी फौजेत माणूस असलेली गावं आहेत. तिथल्या एका बाईंचं पत्र आलं. यजमान १९७१ च्या लढाईत बेपत्ता झाले, त्यानंतर कागद आला, शरीर आलं नाही. त्यांनी पुरावा विचारला नव्हता. लिहिलं होतं: तुमची पार्वतीबाई सज्जात उभी राहून रस्त्याकडे बघते. पहिली दोन वर्षं बघतो आपण. मग रस्त्याकडे पाठ करून बसतो आणि कानाने वाट बघतो.

मला उत्तर लिहायला तीन आठवडे लागले. आधी एक पानभर लिहिलं आणि बाजूला ठेवलं, त्यात मीच जास्त होते. शेवटी पाठवलं ते चार ओळींचं: आपलं बरोबर आहे, मला माहीत नव्हतं, सज्जाचा प्रसंग मी बदलू इच्छिते, आपलं वाक्य वापरू का? अशी परवानगी मागितल्याशिवाय कोणाच्याही पत्रातली ओळ पुस्तकात घेऊ नका, ती कितीही लहान असो. आणि परवानगी ज्या शब्दांत येईल तेवढीच पाळा. त्यांचं कार्ड आलं: वापरा. नाव नको.

चौथ्या आवृत्तीत पार्वतीबाई देवडीकडे पाठ करून वाती वळत बसलेल्या आहेत, आणि बाहेर सांडणी थांबल्याची चाहूल लागली की हात थांबतो. माझ्या प्रतीत त्या परिच्छेदाला हिरवी खूण नाही. तिथे मी समासात त्या कार्डाची तारीख लिहून ठेवली आहे.